पवनचक्कीच्या पायथ्याला

चैताली दहावीला तालुक्यात मुलींत पहिली आली आणि तिथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

निकाल लागला त्या दिवशी तिचा बाप लिंबाजी भट्टीवर होता. भूमच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. आसपासच्या वस्त्यांवरून दूध यायचं, लिंबाजी आणि त्याची बायको सत्यभामा दोघं मिळून ते आटवायचे आणि खवा भूमच्या बाजारात पोचवायचे. कढईतलं दूध घट्ट व्हायला लागलं की हात थांबवायची सोय नसते. त्यामुळं पोरीच्या निकालाची बातमी लिंबाजीनं एका हातानं उलथनं फिरवत, दुसऱ्या हातानं डोळ्यांतला धूर पुसत ऐकली. तो धूरच होता असं तो पुढं कितीतरी दिवस सांगायचा.

संध्याकाळी सत्यभामेचा भाऊ बलभीम आला. तो भूमला हायस्कुलात गुरुजी होता. माणूस मनाचा चांगला, पण त्याला दुसऱ्याच्या पोरांचं आयुष्य मार्गी लावायची भारी हौस. पेढ्याचा पुडा खाली ठेवायच्या आत तो बोलला, "दाजी, हिला लातूरला टाकायचं. दोन वर्षं खपायचं, का पोरगी डॉक्टर."

"तिला विचारा की," लिंबाजी म्हणाला.

चैताली दारात उभी होती. मामानं विचारलं, "काय गं, चालतंय न्हवं?"

"चालतंय," ती म्हणाली.

सोळा वर्षांची पोर. एवढे मार्क पडल्यावर दुसरं काय म्हणायचं असतं, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला काय व्हायचंय हे तिला ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक नसतं त्यांना डॉक्टरकीला पाठवायचं, असा तेव्हा सगळीकडंच रिवाज होता.

अकरावी गेली, बारावी गेली. लातूरला चौथ्या मजल्यावर खोली, खोलीत चार पोरी, खाली मेस, आणि दर रविवारी परीक्षा. परीक्षा झाली की भिंतीवर नंबर लागायचे. तालुक्यात पहिली आलेली चैताली तिथं कुठल्या कुठं मागं पडली. बारावीनंतरच्या मोठ्या परीक्षेत मार्क कमी आले. बलभीम म्हणाला, "पहिल्या फटक्यात कुणाचंच होत न्हाय. एक वरीस आणखी." चैताली म्हणाली, "चालतंय."

त्या आणखीच्या वर्षात लिंबाजी महिन्यातून एकदा तिला भेटायला जायचा. हा माणूस कशाला भीत नव्हता, फक्त उंचीला भ्यायचा. गच्ची, शिडी, विहिरीचा काठ, सगळ्यापासून चार हात लांब. घरावरचं मातीचं माळवद पावसाळ्याआधी चोपायचं असलं तर सत्यभामा वर जायची आणि हा खालून माती द्यायचा. लातूरच्या त्या जिन्याला धड कठडा नव्हता. तो भिंतीला खांदा घासत, पायाखाली बघायचं टाळत चढायचा.

माघातल्या एका भेटीत तो वर पोचला तेव्हा चैताली कॉटवर बसली होती. पुढं पुस्तक उघडं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

"जेवलीस का?"

"हां."

"तब्येत?"

"बरी हाय."

"खवा आणलाय. मैत्रिणींना दे."

"हां."

डबा ठेवायला तो खाली वाकला तर कॉटखाली मागच्या महिन्याचा डबा तसाच. झाकण उघडलं. खव्यावर हिरवी बुरशी. लिंबाजीनं झाकण परत लावलं. पोरीकडं नीट बघितलं, तर मनगटं काटक्यांसारखी झालेली, आणि केसांच्या भांगात टाळू दिसायली.

तो निरोप घेऊन उतरला आणि स्टँडवर आला. भूमची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ जागा मिळाली. कंडक्टर तिकीट फाडायला आला, आणि लिंबाजी उठून उभा राहिला.

"कुठं निघालाव? गाडी सुटायलीय," कंडक्टर ओरडला.

"एक माणूस राहिलंय," असं म्हणून तो उतरला.

पुन्हा तो जिना. या खेपेला भिंतीला धरायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

"पोरी, सामान भर. घरी जायचं."

चैताली बघत राहिली. "आप्पा, परीक्षा जवळ आलीय."

"असू दी."

"मामाला काय सांगायचं?"

"मामाचं माझ्यावर सोड. बापानं नेलं म्हणावं. बाप अडाणी हाय, हट्टाला पेटला म्हणावं."

तिनं अर्ध्या मिनिटात पिशवी भरली. जणू ती पिशवी आतून केव्हाचीच भरलेली होती. गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली ती येडशी गेली तरी जागी झाली नाही. लिंबाजीचा खांदा आखडला, मुंग्या आल्या, पण त्यानं हालचाल केली नाही. पोरीचं वर्ष वाया घालवून आपण तिला घरी न्यायलोय आणि आपल्याला बरं वाटायलंय, याची त्याला जरा लाजही वाटली. पण बरं वाटत होतं हे खरं.

परीक्षा तिनं दिली, पण घरून, जत्रेला जाऊन यावं तशी. मार्क कमीच पडले. कुणी रडलं नाही. बलभीम मात्र दुखावला. दिवाळीपर्यंत बहिणीच्या घरी फिरकला नाही. गावातली रिकामटेकडी पोरं चैताली दिसली की "डॉक्टरीणबाई" म्हणायची. लिंबाजीला राग यायचा, पण सत्यभामा म्हणायची, "म्हणू द्या. तोंड त्यांचं दुखंल."

पुढं काय, हा सवाल होताच. चैतालीची एक मैत्रीण धाराशिवला पॉलिटेक्निकला अर्ज भरायला निघाली होती, तिच्या सोबतीला म्हणून ही गेली. इलेक्ट्रिकलला जागा शिल्लक होती. मैत्रिणीला कॉम्प्युटर पाहिजे होतं, तिनं घेतलं नाही. चैतालीनं घेतलं. का घेतलं असं घरी विचारलं तर म्हणाली, "जागा होती."

पहिले काही महिने ती शनिवारी घरी यायची, जेवायची, झोपायची. मग एका शनिवारी आल्या आल्या तिनं पिशवी आपटली आणि सुरू झाली. होस्टेलच्या आमटीत डाळ नसते, वर्कशॉपचे सर पोरींना सोल्डरिंगला हात लावू देत नाहीत, शेजारच्या कॉटवरची पोरगी पहाटे मोठ्यानं गाणी लावती.

सत्यभामा चुलीपुढं ऐकत होती. चैताली हातपाय धुवायला गेली तशी ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "आवं, पोरगी कुरकुर करायलीय."

"व्हय की," लिंबाजी म्हणाला.

दोघं हसली. पुढच्या शनिवारी चैताली सांगत आली की आता सरांनी सोल्डरिंग करू दिलं, आणि तिचं काम पोरांपेक्षा बरं निघालं. लिंबाजीला सोल्डरिंग म्हणजे काय ते कळलं नाही. पण त्यानं दोनदा विचारून घेतलं, कारण सांगताना तिचे हात हवेत चालत होते.

डिप्लोमा झाला. तोवर गावाच्या मागच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या होत्या. मोठमोठ्या ट्रेलरवरून आणलेली ती पाती रस्त्याच्या वळणाला अडकायची तेव्हा सगळं गाव बघायला जमायचं. त्यातल्याच एका कंपनीनं चैतालीला घेतलं. साइटवर ऑफिस, ऑफिसात कॉम्प्युटर, कुठली चक्की चालू, कुठली बंद, ते पडद्यावर बघायचं. लिंबाजी एकदम बिनघोर झाला. सावलीतली, खुर्चीवरची नोकरी, आणि तीही घरापासून मोटारसायकलच्या अंतरावर. बलभीमाचाही उरलासुरला राग उतरला. तो पुन्हा पहिल्यासारखा येऊ लागला, आणि आला की स्थळं सांगू लागला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सकाळी सिदू दूध घेऊन आला. सिदूचं रान डोंगराला लागून. त्यानं कॅन खाली ठेवली आणि म्हणाला, "नाना, तुमची चैताली काल वर गेली की!"

लिंबाजी भडकला. "सिद्या, तोंड सांभाळून बोल! आत्ता भाकरी खाऊन कामाला गेलीय पोरगी!"

"तसं न्हवं वो नाना! वर म्हंजी चक्कीवर. पट्टे बांधून, टोपी घालून. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. खालच्या दारातनं आत गेली आन् लई येळानं पार वरच्या डब्याच्या छतावर उभी! एवढीशी दिसायली, मुंगीवानी."

लिंबाजीचा हात थांबला. कढईतला खवा तळाला लागला, करपट वास सुटला, तरी तो तसाच उभा. सत्यभामा आतून धावत आली, उलथनं त्याच्या हातातून घेतलं, आणि सिदूकडं असं बघितलं की तो कॅन तिथंच टाकून निघून गेला.

"तुला म्हाईत होतं," लिंबाजी म्हणाला.

"होतं. तिनं साहेबाच्या मागं लागून ट्रेनिंग घेतलं. पुण्याला गेली होती बघा, मीटिंग म्हणून."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"काय सांगायचं? तुमी माळवदाला शिडी लावली तरी घरात जाऊन बसताव."

लिंबाजीनं मोटारसायकलला किक मारली. सत्यभामा मागून म्हणाली, "जावा. पण खाली उभं राहून बोंबलू नका. तिथं लोक कामं करतेत."

वाटेत त्यानं मनाशी सगळं भाषण तयार केलं. उतर खाली. एवढी शिकलीस ते मुंगीवानी लटकायला का? खुर्चीवर बसायचं असलं तर बस, न्हाय तर भट्टीवर चल.

साइटवर गौरीशंकर नावाचा इंजिनियर होता, मुरुम गावाकडचा, पस्तिशीचा गडी. त्यानं आधी लिंबाजीच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, मग नाव विचारलं.

"चैतालीचे वडील? या काका. ती वरच आहे. बॅटऱ्या बदलायल्यात. अजून थोडा वेळ लागंल."

चक्की थांबवलेली होती. पाती गप्प उभी. लिंबाजीनं पायथ्यापासून हळूहळू नजर वर न्यायला सुरुवात केली. निम्म्यावर गेली असंल नसंल, त्याला भोवळ आली. तो तिथंच खडीच्या ढिगावर बसला. गौरीशंकरनं पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसला.

"आतून शिडी आहे काका, भिंतीत बसवलेली. मध्ये मध्ये टेकायला फळ्या आहेत. अंगाला पट्टा असतो, पट्ट्याला दोन हुक. एक सोडायचा तर दुसरा आधी अडकवायचा. वारा वाढला की कुणीच चढत नाही, अन् एकट्यानं तर कधीच नाही. आता तिच्यासंगं अमृत म्हणून पोरगा आहे."

"आन् पडली तर?"

"मी इतकी वर्षं चढतोय. पडलो का?"

"तुमी बाप्या माणूस."

"दोरीला ते कळत नाही, काका."

लिंबाजीला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. गौरीशंकरच्या खांद्याला वॉकीटॉकी अडकवलेला होता. तो त्यानं काढला. "बोलायचं का तिच्याशी? हे बटण दाबून बोला, बोलून झालं की सोडा."

लिंबाजीनं बटण दाबलं. भाषण तयार होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "चैताले."

खरखर झाली. मग वरून आवाज आला. "आप्पा? तुमी? खाली हाय व्हय तुमी? थांबा, थांबा, छताचं झाकण उघडंच हाय, आप्पा, हितनं आपलं गाव दिसायलंय! सगळं! मारुतीचं देऊळ, तळं, सिदूकाकाचं रान. आपल्या भट्टीचा धूरबी दिसायलाय. आज काळा का निघायलाय? आईनं ओली लाकडं घातली का? आन् काल ना, खालनं घारी गेल्या, आप्पा! आपण वर आन् घारी खाली! अमृत म्हणतो पावसाळ्यात ढगबी खालनं जातेत. तुमी चहा घेतला का? गौरीसरांना सांगा, ते देतेत. आमचं झालंच हाय, एक नट बसंना झालाय, तेवढा बसवला की..."

ती बोलतच होती. लिंबाजी त्या काळ्या डबीकडं बघत राहिला. लातूरच्या खोलीतलं ते "हां" त्याला आठवलं. त्या अख्ख्या वर्षात पोरगी जेवढं बोलली नव्हती तेवढं आत्ता एका दमात बोलून मोकळी झाली होती, आणि तेही आभाळात टांगलेल्या डब्यात उभं राहून.

"काका, बोला. ती थांबली," गौरीशंकर म्हणाला.

लिंबाजीनं बटण दाबलं. "नट नीट बसव," तो म्हणाला. "आन् सावकाश उतर. मी हाय हितं."

अमृतच्या मागोमाग ती उतरून दाराबाहेर आली तेव्हा घामानं भिजलेली होती. गालावर ग्रीसचा पट्टा. हातमोजे काढत ती बापापुढं आली आणि एकदम शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली.

"रागावलाव?"

"व्हय."

"सांगणार होते, आप्पा. पण तुमाला भ्या वाटतंय म्हणून..."

"वाटतंयच. ते काय आता जायचं न्हाय."

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पाय इतके लटलटले की निम्म्यातनं माघारी आले. सर म्हणाले, उद्या ये. उद्याबी निम्म्यातनंच आले. मग तिसऱ्या खेपंला गेले वर." तिनं हातमोजे पट्ट्यात खोचले. "तुमी म्हणाल तर सोडते. ऑफिसात बसते."

खरंच सोडलं असतं तिनं. लिंबाजीला ते कळत होतं. "चालतंय" म्हणाली असती आणि खुर्चीवर जाऊन बसली असती. त्यानं खडीतला एक दगड उचलला, बाजूला टाकला.

"लातूरला होतीस," तो म्हणाला, "तवा तू कॉटवर बसल्याली असायचीस. पुढ्यात पुस्तक. तरी मला घरी झोप लागत नव्हती. तसं भ्या मला ह्या चक्कीचं वाटंना झालंय. हे भ्या निराळंय. हे मी सोसीन."

चैतालीनं नाक ओढलं, ग्रीसच्या हातानं डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. गौरीशंकरनं चहा आणला, अमृत चक्की चालू करायला गेला. तिघं खडीच्या ढिगावर बसून चहा प्यायले. वर पाती पुन्हा फिरायला लागली, तेव्हा लिंबाजी दचकून दोन पावलं मागं सरला आणि बाकीचे दोघे हसले. तोही हसला.

त्या महिन्यात बलभीम एक स्थळ घेऊन आला. मुलगा बँकेत, घर बार्शीला. बलभीम म्हणाला, "त्यांना आपण एवढंच सांगू, कॉम्प्युटरवर असते म्हणून."

"न्हाय," लिंबाजी म्हणाला. "चक्कीवर चढती म्हणून सांगा."

"दाजी, मोडंल."

"मोडू दी."

मोडलं. निरोप आला तेव्हा चैताली जेवत होती. तिनं ऐकलं, मान हलवली आणि आईकडं आणखी एक भाकरी मागितली. बलभीम बराच वेळ तिच्याकडं बघत होता. त्यालाही पोरगी अशी मोकळी होऊन जेवताना कितीतरी दिवसांनी दिसली असावी. जाताना त्यानं चपला घालता घालता विचारलं, "काय गं, आमच्या शाळेत येशील का? दहावीच्या पोरींशी बोलायला?"

"मी काय बोलू, मामा? मी काय बनले तरी काय?"

"तेच सांग."

बोलायच्या दिवशी लिंबाजी बाजारात खवा पोचवायला भूमला आलाच होता. बलभीमनं त्याला धरून शाळेत नेलं आणि वर्गाच्या मागच्या बाकावर बसवलं. चैताली हेल्मेट आणि पट्टे घेऊन आली होती. तिनं लातूरचं सांगितलं, दोनदा मार्क कमी पडल्याचं सांगितलं, धाराशिवचं सांगितलं. मामासमोर सांगताना ती जरा अडखळली, पण बलभीमनंच मान हलवून तिला पुढं जा म्हणून खुणावलं. पोरी गप्प बसून ऐकत होत्या. तिनं एकीला पुढं बोलावून पट्टा घालून दाखवला. मग विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

कुणीच हात वर करीना. शेवटी खिडकीकडच्या एका बारक्या पोरीनं हात वर केला आणि उभी राहून एकदम विचारलं, "ताई, वर असताना लघवीला लागली तर?"

वर्गात एकच हशा पिकला. बलभीम गुरुजी लालबुंद होऊन टेबलावर डस्टर आपटायला लागले, "ए, शांत! काय विचारायचं काही कळतंय का?"

"बरोबर विचारलं तिनं, मामा," चैताली म्हणाली. "मी पहिल्या दिवशी सरांना हेच विचारलं होतं." आणि मग तिनं सगळं नीट सांगितलं. चढायच्या आधी काय करायचं, पाणी किती प्यायचं, उतरायला किती वेळ लागतो, आणि साइटवर पोरींसाठी वेगळी सोय नव्हती ती तिनं भांडून कशी करून घेतली. त्यावर हातांवर हात वर व्हायला लागले. पाळी असली तर? वीज कडाडली तर? पगार आईकडं द्यावा लागतो का? वरून मोबाइलला रेंज येती का?

मागच्या बाकावर लिंबाजी हसून हसून बेजार झाला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते या खेपेला त्यानं पुसलं नाही.

घंटा झाली तरी पोरी चैतालीला सोडीनात. दोघं पुरुष बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बलभीम रुमालानं मान पुसत म्हणाला, "दाजी, आता पुढं काय करायचं हिचं? डिग्री करायला लावायची का? का पुण्याला मोठ्या कंपनीत टाकायची?"

लिंबाजीनं आत बघितलं. चैताली पोरींच्या घोळक्यात दिसत नव्हती, नुसतं तिचं पिवळं हेल्मेट या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होतं.

"बाहेर आली की तिलाच विचारा, बलभीमराव," तो म्हणाला. "मला हाटेलात खवा पोचवायचाय. उन्हानं आंबून जाईल."